परसबागेतील द्राक्षवेल : वाढ, फलधारणा आणि अभिवृद्धी
(दारव्हा परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

द्राक्ष हे नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांचे पीक असून विदर्भात ते येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तरीही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा व परिसरात हौसेने लावलेली एखादी द्राक्षवेल अंगणात आढळते. अशी वेल बहुधा जोमाने वाढते, मांडव झाकून टाकते, परंतु फळ देत नाही आणि काही वर्षांत 'वांझ' ठरून तोडली जाते. प्रस्तुत लेखात या निष्फळतेची कारणे वनस्पतिशास्त्राच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. उष्ण कटिबंधातील द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा छाटणी का आवश्यक असते, घडाची निर्मिती प्रत्यक्ष फळ दिसण्याच्या किती आधी होते, आणि घरच्या घरी वेलीची अभिवृद्धी कशी करावी, या मुद्द्यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : द्राक्षवेल, परसबाग, खरड छाटणी, फळछाटणी, घडनिर्मिती, काडी कलम, खुंट.

१. प्रस्तावना

दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या भागातील मुख्य पिके असून जमीन प्रामुख्याने काळी आहे. घराच्या आवारात पेरू, लिंबू, सीताफळ, पपई ही झाडे आणि दारावर मधुमालती किंवा जाईची वेल हे येथील परसबागेचे परिचित स्वरूप होय. त्यात एखाद्याने हौसेने द्राक्षवेल लावली, तर तिच्याबाबत येणारा अनुभव बहुतांशी सारखाच असतो. पहिल्या वर्षी वेल माणसाच्या उंचीची होते, दुसऱ्या वर्षी मांडवावर पसरते, तिसऱ्या वर्षी घरमालक घडाची वाट पाहतो आणि चौथ्या वर्षी 'आपल्या मातीत द्राक्ष येत नाही' असा निष्कर्ष काढून वेल उपटून टाकतो. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण येथे लागू पडत नाही, कारण आंबट म्हणायलाही द्राक्ष हाती आलेले नसते.

हा निष्कर्ष कितपत योग्य आहे, हे तपासणे आवश्यक आहे. दारव्हा आणि नाशिक ही दोन्ही ठिकाणे विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण २० अंश अक्षांशावर आहेत. म्हणजे दिवसाची लांबी व सूर्याची स्थिती या दोन बाबतींत त्यांच्यात फारसा फरक नाही. फरक आहे तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, उन्हाळ्याच्या तीव्रतेत आणि जमिनीच्या प्रकारात. हे फरक मोठ्या प्रमाणावरील व्यापारी लागवडीच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकतात. परंतु अंगणातील एका वेलीपुरते पाहिल्यास त्यांवर उपाय करता येतो. वेल फळत नाही याचे मुख्य कारण माती नसून छाटणीच्या वेळापत्रकाचे अज्ञान हे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. महाराष्ट्रातील द्राक्ष : संक्षिप्त पार्श्वभूमी

लागवडीखालील द्राक्षाचे शास्त्रीय नाव व्हायटिस व्हिनिफेरा असे असून कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील व पश्चिम आशियातील प्रदेश हे तिचे मूलस्थान मानले जाते. म्हणजे ही मुळात समशीतोष्ण हवामानातील वेल होय. महाराष्ट्रात दौलताबादच्या द्राक्षांची ख्याती मध्ययुगापासून सांगितली जाते. नाशिक जिल्ह्यात ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास केलेली लागवड ही तेथील द्राक्षबागांची सुरुवात समजली जाते. पुण्यातील गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी निवडलेला 'चीमा साहेबी' हा वाणही एके काळी प्रसिद्ध होता.

पुढे बिनबियांच्या 'थॉमसन सीडलेस' या वाणाने महाराष्ट्रातील बहुतेक बागा व्यापल्या. या संदर्भात शेतकऱ्यांचे योगदान विशेष उल्लेखनीय आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून 'तास-ए-गणेश' हा वाण निवडला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांचा 'सोनाका' आणि काळ्या रंगाचा 'शरद सीडलेस' हे वाण पुढे आणले. हे वाण म्हणजे एखाद्या वेलीवरील एखाद्या फांदीत निसर्गतः घडून आलेले बदल होत. असा बदल डोळसपणे हेरणे व कलमाद्वारे टिकवणे हे काम या बागायतदारांनी केले. १९९७ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची स्थापना झाली.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. समशीतोष्ण प्रदेशातील वेल महाराष्ट्रात रुजली ती येथील हवामान तिला मूळचे अनुकूल होते म्हणून नव्हे. तिच्या जीवनक्रमाला येथील ऋतूंशी जुळवून घेणारी छाटणीची पद्धत बागायतदारांनी विकसित केली, म्हणून ती रुजली. ही पद्धत समजून घेतल्याशिवाय परसबागेतील वेलीकडून फळाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

३. वेल वाढते, पण फळत नाही : शास्त्रीय कारणमीमांसा

३.१ सुप्तावस्थेचा अभाव

युरोपसारख्या थंड प्रदेशात हिवाळ्यात द्राक्षवेलीची पाने गळतात व ती पूर्ण विश्रांती घेते. या थंडीमुळे वेलीवरील सर्व डोळे वसंत ऋतूत जवळजवळ एकाच वेळी फुटतात. तेथे हिवाळ्यात एकदा छाटणी केली की काम भागते. महाराष्ट्रात अशी कडक थंडी पडत नाही. येथे वेल बारमाही हिरवी राहते आणि तिला मोकळे सोडल्यास केवळ शेंड्याकडील डोळे फुटत राहतात. परिणामी मांडवाच्या कडेला हिरवी पालवी दिसते, मधला भाग लाकडासारखा उघडा पडतो आणि खालचे डोळे कधीच जागे होत नाहीत. निसर्ग जे काम थंडीकडून करून घेतो, ते येथे माणसाला कात्रीने करावे लागते.

३.२ घडाची निर्मिती केव्हा होते?

द्राक्षवेलीचे वैशिष्ट्य असे की, या वर्षी जो घड आपल्याला दिसतो, तो मागील वाढीच्या काळातच डोळ्यामध्ये तयार झालेला असतो. पानाच्या बगलेतील डोळा वरून एकच दिसला तरी त्यात मुख्य अंकुर व त्याच्या जोडीला दुय्यम अंकुर असतात. या मुख्य अंकुरात अतिसूक्ष्म स्वरूपाचे एक अविभेदित अंग निर्माण होते. अनुकूल परिस्थितीत त्या अंगाचा घड होतो आणि प्रतिकूल परिस्थितीत त्याचीच तणावे होतात. वेलीला आधार धरून ठेवणारा वळसेदार ताणा आणि द्राक्षाचा घड ही मुळात एकाच अंगाची दोन रूपे आहेत. बागायतदारांच्या बोलीत 'घड जिरला', 'घडाची बाळी झाली' असे म्हणतात, त्यामागे हेच शास्त्रीय तथ्य आहे.

हे अंग कोणत्या दिशेने जाणार, हे वेलीतील संजीवकांच्या संतुलनावर अवलंबून असते. सी. श्रीनिवासन आणि एम. जी. मुलिन्स यांनी द्राक्षवेलीच्या पुष्पधारणेचा विस्तृत आढावा १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या संशोधनातून असे दिसून आले की, सायटोकायनिन या संजीवकामुळे ताण्याऐवजी पुष्पगुच्छाची निर्मिती होण्यास चालना मिळते, तर जिब्रेलिनचे प्राबल्य ताण्याच्या निर्मितीला पोषक ठरते. सायटोकायनिन प्रामुख्याने मुळांच्या टोकांशी तयार होते. म्हणून निरोगी मुळे, डोळ्यांवर पडणारा भरपूर सूर्यप्रकाश आणि आटोक्यात ठेवलेली वाढ या तीन गोष्टी घडनिर्मितीस साहाय्यक ठरतात. याउलट दाट सावली, नत्राचा व पाण्याचा अतिरेक आणि शेंड्याची अनिर्बंध वाढ यांमुळे घडाऐवजी ताणे तयार होतात.

महाराष्ट्रातील परिस्थितीत एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडांची निर्मिती होते. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळणाऱ्या द्राक्षांचे भवितव्य त्याआधीच्या मे-जून महिन्यांतच ठरलेले असते. परसबागेत नेमके याच काळात वेलीकडे दुर्लक्ष होते, किंवा उन्हाळा आहे म्हणून तिला सढळ हाताने पाणी व खत दिले जाते.

३.३ निष्फळतेची चार प्रमुख कारणे

वरील विवेचनाच्या आधारे परसबागेतील वेल न फळण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) वेलीची छाटणीच केली जात नाही, किंवा वर्षातून एकदाच आणि अवेळी केली जाते.

(आ) घडनिर्मितीच्या काळात वेल सावलीत असते किंवा तिची पाने एकमेकांवर दाटीने पसरलेली असतात. आंबा किंवा कडुनिंबाच्या सावलीत लावलेल्या वेली याच कारणाने निष्फळ राहतात.

(इ) ऑक्टोबरमध्ये छाटणी केली तरी काडी बुंध्यापासून फार आखूड कापली जाते. थॉमसन व त्यापासून निवडलेल्या वाणांत तळाचे डोळे सहसा फळ देणारे नसतात. त्यामुळे आखूड छाटणीत तयार घड कात्रीसोबत निघून जातात.

(ई) रोपवाटिकेतून आणलेल्या कलमाचा वरचा भाग मरून केवळ खुंटाची फूट वाढलेली असते. खुंटाची पाने मूळ वाणाच्या पानांहून निराळी दिसतात. अशा फुटीला खाण्याजोगी द्राक्षे येत नाहीत. म्हणून कलमाच्या जोडाखालून येणारी प्रत्येक फूट वेळीच काढून टाकणे आवश्यक असते.

४. परसबागेतील वेलीचे वार्षिक वेळापत्रक

४.१ जागा, जमीन आणि मांडव

वेलीला दिवसातून किमान सहा ते सात तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. दारव्ह्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसपर्यंत व त्याहूनही वर जाते. म्हणून पश्चिमेकडील तापणाऱ्या भिंतीला किंवा टिनाच्या पत्र्याला लागून वेल लावू नये. घराच्या पूर्वेची किंवा दक्षिणेची मोकळी बाजू अधिक योग्य ठरते.

काळी जमीन ही येथील मोठी अडचण आहे. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळे तोडते. शिवाय चुनखडीचे प्रमाण अधिक असल्यास वेलीला लोह उपलब्ध होत नाही आणि शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. यासाठी सुमारे अडीच फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तळाशी विटांचे तुकडे किंवा जाड मुरूम टाकावा. वर पोयटा माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. खड्डा सभोवतालच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवल्यास पावसाळ्यात पाणी साचत नाही.

मांडव साधारण सात फूट उंच असावा. बांबू, लोखंडी अँगल व तार यांपैकी काहीही चालते. एक खोड सरळ मांडवापर्यंत न्यावे, तेथे शेंडा खुडून दोन बाजूंना दोन फांद्या वाढवाव्यात. या कायम फांद्यांना बागायतदार 'ओलांडे' म्हणतात. ओलांड्यांवर दरवर्षी ज्या नव्या काड्या येतात, त्यांवरच फळ धरते.

४.२ खरड छाटणी

फळे निघाल्यानंतर वेलीला दोन-तीन आठवडे विश्रांती द्यावी आणि मग खरड छाटणी करावी. या छाटणीत जुनी प्रत्येक काडी ओलांड्यालगत एक डोळा ठेवून कापली जाते. राज्याच्या इतर भागांत ही छाटणी एप्रिलमध्ये होते. दारव्हा परिसरातील उन्हाळा लक्षात घेता ती मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकणे श्रेयस्कर होय, म्हणजे मे महिन्यातील कडक उन्हापूर्वी ओलांडे पानांनी झाकले जातात. छाटणीनंतर उघड्या ओलांड्यांवर ओले गोणपाट टाकावे किंवा सायंकाळी पाणी शिंपडावे. त्यामुळे डोळे एकसारखे फुटतात व साल उन्हाने करपत नाही.

नव्या फुटी पाच-सहा पानांच्या झाल्या की त्यांची विरळणी करावी. एका चौरस फुटास साधारण एक काडी राहील, यापेक्षा दाटी नसावी. घरच्या वेलीवर कात्री चालवण्यास मन धजत नाही, परंतु या टप्प्यावरील माया पुढे नुकसानकारक ठरते. राखलेली फूट नऊ पानांची झाल्यावर सात पानांवर शेंडा खुडावा. त्यातून निघणाऱ्या बगलफुटींपैकी शेंड्याकडील एक ठेवून बाकीच्या काढाव्यात. शेंडा खुडल्याने वाढ काही काळ थांबते आणि डोळ्यांत घडनिर्मितीला वाव मिळतो. या काळात नत्रयुक्त खत देऊ नये. पाणीही बेताचेच असावे, मात्र पाने मलूल होईपर्यंत तोडू नये.

४.३ पावसाळा

जुलै ते सप्टेंबर या काळात काडी पक्व होते. तिचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी होते. या दिवसांत पाणी देण्याची गरज नसते, परंतु केवडा व करपा या बुरशीजन्य रोगांचा धोका असतो. त्यावर बोर्डो मिश्रण हा जुना व खात्रीचा उपाय होय. फ्रान्समधील बोर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देत यांनी १८८५ मध्ये तो जगापुढे मांडला, तोही द्राक्षावरील केवड्यासाठीच. परसबागेसाठी १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना पुरतो. मोरचूद व चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. मिश्रणात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आल्यास मिश्रण आम्लधर्मी आहे असे समजून आणखी चुना घालावा. कोवळ्या फुटीवर याच्या निम्मे प्रमाण वापरावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे आणि फवारणी करताना नाक व डोळे झाकावेत.

४.४ फळछाटणी

पावसाळा ओसरल्यावर, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात फळछाटणी करावी. आठ-दहा दिवस आधी पाने हातांनी काढून टाकल्यास डोळे फुगतात. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या वाणांत काडीवर आठ ते दहा डोळे ठेवावेत. बगलफूट राखली असल्यास तिच्या गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून कापावे, कारण गाठीजवळचे डोळे सहसा फळ देणारे असतात. बियांच्या अनेक वाणांत तळाकडील डोळेही फळतात, म्हणून तेथे तीन-चार डोळ्यांवरील छाटणी पुरते. व्यापारी बागांमध्ये छाटणीपूर्वी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळ्यांतील सूक्ष्म घड तपासतात. घरी काही काड्या लांब व काही आखूड छाटून पुढील वर्षासाठी नोंद ठेवणे, हा सोपा मार्ग आहे.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून व्यापारी बागांमध्ये हायड्रोजन सायनामाईड लावतात. हे रसायन विषारी असून मुलाबाळांचा वावर असलेल्या अंगणात त्याचा वापर टाळावा. दोन-चार डोळे कमी फुटले तरी घरगुती वेलीत फारसे बिघडत नाही.

छाटणीपासून साधारण चार ते साडेचार महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ तयार होते. एका काडीवर एकच घड राखावा. डिसेंबर-जानेवारीत पानांवर पांढरी भुकटी दिसल्यास तो भुरी रोग समजावा व गंधकाची फवारणी करावी. पक्षी व वटवाघळांपासून रक्षणासाठी घडाला सुती कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधावी. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारी गारपीट हाही एक धोका आहे. २०१४ मध्ये याच महिन्यांत विदर्भ व मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने उभ्या पिकांची मोठी हानी झाली होती. एका मांडवावर जाळी टाकणे मात्र सहज शक्य असते.

४.५ मण्यांच्या आकाराविषयी

घरच्या थॉमसनचे मणी बाजारातील मण्यांपेक्षा लहान राहतात, यावरून वेल निकृष्ट असल्याचा समज होतो. वस्तुतः बिनबियांच्या या वाणात फलन होते, परंतु बीज लवकरच खुरटते. बीजाकडून मिळणारे जिब्रेलिन पुरेसे न मिळाल्याने मणी मूळचाच लहान असतो. बाजारातील मोठा मणी हा जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवल्याचा परिणाम होय. म्हणून लहान मणी हा वेलीचा दोष मानू नये.

५. अभिवृद्धी

५.१ काडी कलम

द्राक्षाच्या बीपासून रोप उगवते, परंतु त्यात मूळ वाणाचे गुण उतरत नाहीत. म्हणून अभिवृद्धी काडीपासूनच करतात. ऑक्टोबरच्या छाटणीत निघणाऱ्या काड्या यासाठी उत्तम होत. निरोगी, तपकिरी, पेन्सिलीच्या जाडीची काडी निवडावी. चार डोळे असलेले सुमारे एक वीत लांबीचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा काप डोळ्यापासून एक इंच वर तिरपा घ्यावा. यामुळे वरची व खालची बाजू ओळखणेही सोपे जाते. काडी उलटी लावल्यास ती रुजत नाही.

माती, वाळू व शेणखत यांच्या समप्रमाणातील मिश्रणाने पिशवी भरावी, दोन डोळे मातीत व दोन वर राहतील अशी काडी खोचावी आणि पिशवी अर्धसावलीत ठेवावी. इंडोल ब्युटिरिक आम्लयुक्त मूळवर्धक भुकटी लावल्यास मुळे लवकर फुटतात, परंतु तिच्याविनाही बऱ्याच काड्या रुजतात. येथे एक सावधगिरी बाळगावी. काडीतील साठवलेल्या अन्नावर पाने आधी फुटतात, मुळे नंतर येतात. पाने दिसली म्हणून काडी रुजली असे समजून ती हलवू नये. तीन महिन्यांनी, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत रोप खड्ड्यात लावावे व पहिल्या उन्हाळ्यात त्यावर सावली करावी.

५.२ दाब कलम

वेल आधीच घरी असल्यास पावसाळ्याच्या प्रारंभी जमिनीलगतची एक लांब फांदी वाकवून तिचा मधला भाग मातीत दाबावा व शेंडा वर ठेवावा. दाबलेल्या भागाची साल थोडी खरवडल्यास मुळे लवकर येतात. पावसाळा संपताना ही फांदी मूळ वेलीपासून वेगळी करता येते. शेजाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला रोप देण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

५.३ खुंटावरील कलम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा या मुळांवरील किडीने फ्रान्समधील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. त्या वेळी अमेरिकेतील रानद्राक्षांच्या मुळांवर युरोपीय वाण बांधण्याचा उपाय यशस्वी ठरला. टेक्सासमधील टी. व्ही. मन्सन यांचे या कार्यातील योगदान मोलाचे होते. महाराष्ट्रात खुंटाचा प्रसार झाला तो मात्र या किडीमुळे नव्हे, तर पाण्याची टंचाई व जमिनीतील क्षार यांमुळे. टेक्सासमधूनच आलेला 'डॉगरिज' हा खुंट येथे सर्वाधिक रूढ झाला.

दारव्ह्याच्या भारी काळ्या जमिनीत, विशेषतः बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त असल्यास, खुंटावरील वेल अधिक तग धरते. खुंटाची रुजलेली काडी फेब्रुवारीत लावून ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत तीवर पाचर कलम करतात. खुंट जमिनीपासून सुमारे दीड फुटावर कापून मधोमध चिरावा, इच्छित वाणाच्या दोन डोळ्यांच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवावी आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. दोहोंच्या सालीखालील हिरवट थर किमान एका बाजूने जुळणे अत्यावश्यक आहे. माती निचऱ्याची व पाणी गोडे असल्यास घरगुती वेलीसाठी साधे काडी कलमही पुरेसे ठरते.

वाणाच्या निवडीबाबत असे सुचवता येईल की, फवारणीची यातायात नको असल्यास 'बंगळूर ब्लू'सारखा अमेरिकन वंशाचा, रोगाला कमी बळी पडणारा बियांचा वाण घ्यावा. बिनबियांचे फळ हवे असल्यास तास-ए-गणेश किंवा शरद सीडलेस यांचा विचार करावा.

६. एका वेलीचे सामर्थ्य

इंग्लंडमधील हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात १७६८ मध्ये लावलेली एक द्राक्षवेल आजही फळ देते. काचगृहात वाढवलेल्या या एकाच वेलीपासून दरवर्षी शेकडो किलो द्राक्षे मिळतात. तेथील हवामान द्राक्षाला दारव्ह्याइतकेच परके आहे. आपल्याकडे उन्हाची तीव्रता अधिक, तर तेथे उबेचा अभाव. मात्र दरवर्षी ठरलेल्या वेळी छाटणी करणारा हात पिढ्यान्पिढ्या त्या वेलीवर फिरत आला आहे. ही बाब लक्षात घेतल्यास चौथ्या वर्षी वेल उपटून टाकणे किती घाईचे आहे, हे स्पष्ट होते.

७. निष्कर्ष व सूचना

(१) दारव्हा परिसरातील परसबागेत द्राक्षवेल न फळण्याचे मुख्य कारण छाटणीचा अभाव किंवा चुकीची छाटणी हे आहे. काळी जमीन व कडक उन्हाळा ही दुय्यम व उपाययोग्य कारणे होत.

(२) फेब्रुवारीतील घडाची निर्मिती आदल्या मे-जूनमध्ये होते. त्या काळात ऊन, मोजकी फूट व बेताचे पाणी या तीन गोष्टी सांभाळल्यास फलधारणा सुधारते.

(३) सध्या निष्फळ असलेली वेल तोडू नये. ती रुजलेली व मुळे धरलेली असल्याने नव्या रोपापेक्षा तिच्याकडून लवकर फळ मिळू शकते. मार्चअखेरच्या खरड छाटणीपासून सुरुवात केल्यास पुढील फेब्रुवारी-मार्चपर्यंत निकाल कळतो. नव्या रोपाला मात्र लागवडीपासून साधारण दोन वर्षे लागतात.

(४) महाविद्यालयाच्या आवारात एखादी द्राक्षवेल लावल्यास ती वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनाचे उत्तम साधन ठरेल. डोळ्यातील अंकुर, ताणा व घड यांचे साधर्म्य, संजीवकांचे कार्य, कलमाचा जोड आणि बुरशीजन्य रोग हे सर्व विषय एकाच वेलीवर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता येतात. ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्या काड्या फेकून न देता विद्यार्थ्यांकडून पिशव्यांत लावून घ्याव्यात व रोपे त्यांना घरी न्यावयास द्यावीत.

(५) प्रत्येक वेलीसाठी छाटणीची तारीख, ठेवलेले डोळे, फुटलेले घड व तोडणीची तारीख यांची साधी वही ठेवावी. दारव्ह्यासाठी योग्य छाटणीचे दिवस कोणते, याचे नेमके उत्तर नाशिक वा सांगलीच्या वेळापत्रकातून मिळणार नाही. ते येथील अंगणांतील अशा नोंदींतूनच हाती येईल.